पातळ वाहतं, घट्ट तुंबतं

भुरकेबुवांचं आडनाव भुरके नव्हतं, आणि ते कुठल्या मठाचे बुवाही नव्हते. ते आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे प्लंबर. बिऱ्हाड घेऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहाचा पहिला घोट घेतला, तो मला खालच्या मजल्यावर ऐकू आला, आणि टाकी फुटली असं समजून मी अर्ध्या दाढीनिशी गच्चीवर धावलो. तेव्हापासून हे नाव चिकटलं. नव्यानं आलेल्या पोस्टमनलाही तेच खरं वाटे. तो खालून "अहो भुरके!" म्हणून ओरडे आणि बुवा वरून खुशाल "ओ" देत.

माणूस बुटका, रुंद, गुडघ्यांवर सिमेंटचे कायमचे डाग. आयुष्य बेसिनखाली डोकं घालून गेलेलं, त्यामुळे वर उभ्या असलेल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायची सवय. शेजारी बसलेल्याशीही ते तसंच बोलत. कानगोष्ट सांगायची झाली तर त्यासाठी ते उठून दार लावून घेत, आणि मग गोष्ट दाराबाहेर ऐकू येई.

त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं. पातळ वाहतं, घट्ट तुंबतं. पाईपांच्या बाबतीत हे सिद्ध झाल्यावर त्यांनी ते बाकीच्या सृष्टीला लावून टाकलं होतं. इमारतीत कुणी सकाळ-संध्याकाळ भांडत असेल तर म्हणायचे, "पातळ लोक आहेत हो, काळजी नको. वाहून जातंय ते." आणि कुणी गप्प गप्प असेल तर माझ्या कानाशी येऊन आख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं सांगायचे, "शेजारी, हा घट्ट माणूस. एक दिवस तुंबणार."

अशा माणसाची बायको लायब्ररीत होती.

हे लग्न जमलं कसं, हा इमारतीच्या कुतूहलाचा विषय होता. बुवा ते आनंदानं सांगत. लायब्ररीच्या छतातला पाईप ठिबकत होता, हे हातोडा घेऊन गेले, आणि पहिला ठोका घातला तोच खालून आवाज आला, "हळू." बुवा म्हणायचे, "मी खाली बघितलं, आणि शिडीवरून उतरलोच." पुढचा सगळा संसार त्या एका शब्दावर चालला. बाईंचं नाव इमारतीत कुणी घेत नसे. त्या लायब्ररीबाई. चालायच्या तर जमिनीला कळू नये अशा, आणि जेवायच्या तर ताटाला. बुवांनी घास घेतला की त्यांच्या दोन भुवयांच्या मध्ये दोन उभ्या रेघा उमटत, आणि मग तो शब्द येई, "अहो, हळू." बुवा "हो हो" म्हणत आणि पुढचा भुरका अर्ध्या आवाजात मारत. अर्धा म्हणजे आमच्या मजल्यापर्यंत येणारा.

चाव्या करून देणाऱ्याच्या टपरीशेजारी एक लहानसं दुकान होतं. तिथे जपानी मिसो रामेन मिळे, दुसरं काही नाही. मिसो म्हणजे सोयाबीन मीठ घालून महिनोन्‌महिने आंबवल्यावर होतो तो तपकिरी गोळा. आचारी तो गोळा जाळीत धरून कढत रश्शात घोळवी, मग त्या रश्शात लांबच लांब शेवया, वर मक्याचे दाणे, कांद्याची पात, अर्धवट उकडलेलं अंडं, मांसाचा एक काप. बसायला भिंतीला लागून एक लांब फळी आणि उंच स्टुलं. काच सदानकदा वाफेनं आंधळी. तिथलं मोरीचं पाणी एकदा जाईना, म्हणून बुवांना बोलावणं आलं, आणि मी आपला हातात टॉर्च धरायला गेलो. रश्शातली चरबी पाईपात जाऊन थिजली होती. बुवांनी तारेनं ओढून तिचा हातभर लांब पांढरा दांडा बाहेर काढला आणि मोठा मासा गळाला लागल्यासारखा उंच धरून सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवला.

"बघा! घट्ट!"

दोन गिऱ्हाइकांनी शेवया उचलायच्या काड्या खाली ठेवल्या. आचाऱ्यानं मात्र मनावर घेतलं नाही. त्यानं बुवांना हात धुवायला लावून एक वाडगा पुढ्यात ठेवला. बुवांनी सवयीनं आधी दाराकडे बघितलं, बायको नाही ना म्हणून. मग जमेल तितक्या हळू शेवया ओढायला लागले.

"हे काय?" आचारी म्हणाला. "आजारी आहात का?"

"नाही बुवा. का?"

"मग आवाज करा की. हवा आत ओढली तर वास कळतो, आणि तोंड भाजत नाही. इथे आवाज न करता खाल्लं तर मला वाटतं रस्सा बिघडलाय."

बुवांनी आजूबाजूला बघितलं. फळीवरची सगळी माणसं भुरके मारत होती. कुणी बारीक, कुणी दमदार, एक म्हातारा तर शेवटाला शीळ घातल्यासारखा. जन्मभर परक्यांत वाढलेल्या माणसाला अचानक आपलं गोत सापडावं तसे बुवांचे डोळे भरून आले. अर्थात वाफही होती. पण त्यांनी वाडगा उचलला आणि असा भुरका मारला की शीळवाल्या म्हाताऱ्यानं वळून त्यांना मान लववून दाद दिली.

पुढच्या गुरुवारी दुपारी, लायब्ररीला सुट्टी असते तेव्हा, ते बायकोला घेऊन गेले. मलाही ओढलं, कारण साक्षीदार हवा होता. "आज तिच्यासमोर सिद्ध होणार, शेजारी. ही रीत आहे, रीत!" बाई स्टुलावर टेकल्या, रुमाल मांडीवर अंथरला, आणि सगळ्या फळीवरून एकदा नजर फिरवली. वाचनालयात शाळेची आख्खी सहल गप्प करणारी ती नजर होती. दोन रेघा उमटल्या. आणि दुकान गप्प झालं. खरंच गप्प झालं. धडधाकट माणसं एकेक शेवई ओठांनी गोळा करत बसली. आचारी पडद्यामागून धावत आला, त्यानं पळी बुडवून रस्सा चाखला, आणि घाबरून विचारलं, "काय झालं? खारट आहे?"

"छान आहे," बाई हळूच म्हणाल्या. "चालू द्या तुमचं."

त्या नंतर दर गुरुवारी येऊ लागल्या. आवाज त्यांनी कधी केला नाही, रेघा कधी पुसल्या नाहीत, पण वाडगा तळापर्यंत संपवत. बुवांच्या आयुष्यातले ते बहुधा सर्वांत सुखाचे गुरुवार असावेत. रागावून घ्यायलाही हक्काचं माणूस लागतं.

मग एका दुपारी बाई लायब्ररीत दोन कपाटांच्या मध्ये पडल्या. पडल्या त्याही आवाज न करता. कुणीतरी पुस्तक शोधायला त्या ओळीत गेलं तेव्हा कळलं. मेंदूत रक्ताची गुठळी. जीव वाचला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. सगळ्यात वाईट म्हणजे चेहरा सपाट झाला. त्या तुमच्याकडे बघत, पण भिंतीकडे बघावं तसं.

दवाखान्यात गिळायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. गिळायलाही मास्तरीण लागते हे बुवांना नवीन होतं. तिनं एक पांढरी पावडर दिली आणि सांगितलं, पाणी असो, चहा असो, सूप असो, ही पावडर घालून मधासारखं घट्ट करायचं, हनुवटी खाली करून छोट्या चमच्यानं द्यायचं. पातळ थेंबसुद्धा नाही.

"उलटं सांगताय बाई," बुवा म्हणाले.

"उलटं कसं?"

"अहो, घट्टच तर तुंबतं. जन्म गेला माझा पाईपांत."

"हा पाईप नाही काका. पातळ पदार्थ फार भरभर खाली जातो, त्यांना सावरायला वेळ मिळत नाही, आणि तो श्वासाच्या नळीत शिरतो."

बुवांनी मान डोलावली. मान डोलावणं आणि पटणं यांचा एकमेकांशी संबंध असतोच असं नाही. त्यांच्या लग्न झालेल्या लेकीला मात्र पटलं होतं. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. रोज कामावरून थेट आईकडे यायची, चमचा सुरीनं सपाट करून पावडर मापायची आणि आईच्या गळ्यावर बोट ठेवून घोट उतरल्याची खात्री करून पुढचा चमचा द्यायची. "बाबा, गुरुवारी तुम्ही तिला त्या दुकानात नेता. तिथेही असंच. ऐकताय ना?"

"ऐकतोय की."

गुरुवार त्यांनी सोडला नव्हता. मास्तरणीनंच म्हटलं होतं, ओळखीच्या जागा, ओळखीचे आवाज, काय सांगावं, एखादी गोष्ट परत येईल. बुवांनी त्यातलं "आवाज" तेवढं पकडलं. चाकांच्या खुर्चीतून बायकोला नेऊन ते फळीशी लावत, आचारी तिच्यासाठी नुसता रस्सा गाळून त्यात पावडर ढवळून देई, आणि त्याचा जो राखाडी लगदा होई तो एका वाटीत तिच्यासमोर राही. बाई तोंड मिटून घेत. आणि बुवा शेजारी बसून भुरके मारत. पूर्वीचे नव्हेत. हे फार मोठे होते. बायकोच्या कानाशी वाकून, तिच्या तोंडाकडे बघत, एकेक शेवई अशी ओढत की ऐकणाऱ्याच्या घशाला कोरड पडावी. शीळवाल्या म्हाताऱ्यानं जागा बदलून घेतली.

"बुवा, पुरे," मी एकदा हळूच म्हटलं. "लोक बघताहेत."

"बघू देत. एकदा रागावली की झालं." ते तोंड पुसत म्हणाले. "तो शब्द आत आहे हो. अडकलाय. एकदा 'हळू' म्हणाली की बाकीचे सगळे त्याच्यामागून येतील. ब्लॉक निघाला की पाणी येतं तसे."

सगळं त्या शब्दावर येऊन ठेपलं होतं. सकाळी उठल्यावर ते तिच्यासमोर चहा पीत, दुपारी पाणी पीत, आणि प्रत्येक घोटानंतर थांबून बघत. भिकाऱ्यानं हात पुढे करून थांबावं तसे. मला वरून ऐकू येई. भुरका, मग शांतता. पुन्हा भुरका, पुन्हा शांतता.

आणि एका गुरुवारी रेघा आल्या.

मी बाईंच्या पलीकडेच बसलो होतो. बुवांनी एक दणदणीत भुरका घेतला, आणि तिच्या भुवयांच्या मध्ये, डाव्या बाजूची जरा खोल, उजवी पुसट, अशा दोन रेघा उमटल्या. बुवांच्या हातातून काड्या पडल्या.

"दिसलं? शेजारी, दिसलं का?"

"दिसलं," मी म्हटलं. मला खरंच दिसलं होतं.

"रागावली! अगं, बोल. म्हण. हळू म्हण ना!"

बाईंचे ओठ हलले. नजर बुवांच्या वाडग्यावर होती. शब्द आला नाही. दुकानातली सगळी माणसं काड्या हवेत धरून थांबली होती. बुवांनी वाडग्याकडे बघितलं, मग तिच्या पुढ्यातल्या त्या लगद्याकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी तो भाव बघितला जो भिंतीला कान लावून गळती नेमकी सापडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर येत असे.

"हिला हा हवाय," ते म्हणाले. "खरा रस्सा. हा चिखल नको."

"बुवा, पावडर..." आचारी पुढे झाला.

"पावडरनंच तुंबलीय ती! दोन महिने चिखल भरतोय आपण घशात, शब्द येईल कुठून? जरा वाट मोकळी करू."

त्यांनी चमचा आपल्या वाडग्यात बुडवला, फुंकर घातली आणि तिच्या ओठांना लावला. बाईंनी तोंड उघडलं. आणि भुरका मारला. छोटा, ओला, वाकडा, पण भुरका. ज्या बाईनं जन्मात ताटाला कळू दिलं नाही तिनं. फळीवरून टाळ्या पडल्या. बुवा स्टुलावरून उतरून सगळ्यांकडे वळले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि या वेळी ती वाफ नव्हती.

"बघितलंत? ठसका नाही! साधा खोकला नाही! सरळ गेलं, धाडदिशी!"

वाडगा अर्धा होईपर्यंत ते पाजत राहिले. ठसका लागला नाही.

त्यानंतर घरीही सुरू झालं. लेक जाईपर्यंत पावडर, लेक गेली की पातळ. मला ते चोरासारखे येऊन सांगत, म्हणजे शेवटच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं. "आज चहा घेतला. आज नुसतं पाणी. लेकीला सांगू नका, ती पुस्तकी आहे, आईवर गेलीय. शब्द आला की मग एकदमच सांगू." बाईंच्या गालांवर लाली आली. आम्ही सगळे म्हणालो, बाई सुधारल्या हो. आचाऱ्यानंही म्हटलं, मीही म्हटलं.

तो ताप होता.

दवाखान्यात छातीचा फोटो काढला तेव्हा दोन्ही फुप्फुसांचा खालचा भाग पांढरा आला. डॉक्टरांनी विचारलं, "पातळ काही दिलं होतं का?" लेक ठामपणे म्हणाली, "नाही. थेंबही नाही." बुवा म्हणाले, "हो." लेकीनं वळून बापाकडे बघितलं. मग तिनं पर्स उघडली, आत बघितलं, आणि पर्स बंद केली. काही शोधायचं नव्हतं तिला. हातांना काहीतरी करावंच लागतं.

गिळायला शिकवणाऱ्या बाई आल्या. त्या रागावल्या नाहीत, हे बुवांना फार लागलं असावं. त्यांनी एका कोऱ्या कागदावर पेन्सिलनं चित्र काढून दाखवलं. पुढे श्वासाची नळी, मागे अन्नाची, वर झडप. गिळताना ही झडप पडते. आजारी माणसाची उशिरा पडते. घट्ट पदार्थ सावकाश येतो, तोवर ती पडलेली असते. पातळ तिच्या आधी येऊन पोचतं.

बुवा तो कागद नकाशा वाचावा तसा वाचत राहिले.

"पण ठसका नाही लागला," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज समोरच्यापुरता आला.

"तिथली जाणीव गेली होती काका. ठसका लागणं चांगलं. न लागणं वाईट."

"मग ते गेलं कुठे?"

मास्तरणीनं पेन्सिलचं टोक खाली, फुप्फुसांपर्यंत नेलं. "इथे."

"आणि इथून बाहेर? साफ करायला काही तोंड?"

"नाही."

"कुठूनच नाही?"

"नाही काका."

लायब्ररीबाई त्यानंतर फार दिवस टिकल्या नाहीत. गेल्या तेव्हा बुवा उशाशी होते, आणि मी व लेक पायाशी. शब्द आला नाही. आला असता तर उशाशी लावलेल्या ऑक्सिजनच्या यंत्राच्या घरघरीत ऐकू आला असता की नाही, कोण जाणे.

आता खरी पंचाईत सुरू झाली. माणसं भेटायला येऊ लागली. लायब्ररीतले लोक, नळवाले, फिटर, वाफेच्या काचेआडची गिऱ्हाइकं. सगळे जे बोलायचं असतं तेच बोलत. सुटल्या बिचाऱ्या. फार हाल झाले नाहीत. तुम्ही खूप केलंत हो. शेवटचं वाक्य आलं की बुवा कागद पुढे ओढत.

"बसा. तुम्हाला समजावून सांगतो मी काय केलं ते."

आणि चित्र काढत. पुढची नळी, मागची नळी, झडप. मग बाणानं रश्शाचा प्रवास. कुठल्या गुरुवारी किती चमचे, घरी कधी, लेकीला कसं फसवलं. आलेला माणूस घोटभर पाणी मागे आणि पाणी आलं की पिऊ की नको अशा अवस्थेत पेला हातात धरून बसे. कुणी म्हणालं, "बुवा, आजारानंच गेल्या त्या," तर ते पेन्सिल त्याच्या समोर आपटत. "आजारानं नाही. आजार इथवर होता. इथून पुढे मी."

आचारी आला आणि दारातच रडायला लागला. "माझ्याच दुकानात सुरू झालं."

"रश्शाला बोल लावू नकोस," बुवा म्हणाले. "रस्सा फर्स्टक्लास होता. बस, दाखवतो."

लेक माहेरी राहायला आली होती. बापाशी फारसं बोलत नव्हती, पण ताट वाढत होती, कपडे धुवत होती. एकदा जिन्यात मला थांबवून म्हणाली, "काका, तुम्ही तरी सांगा त्यांना. मला त्यांना माफ करायचंय हो. रोज सकाळी ठरवून उठते. आणि दुपारी कुणीतरी येतं, ते पुन्हा पहिल्या चमच्यापासून सुरू करतात. कसं करू मी?" तिनं घरातल्या पेन्सिली गोळा करून कपाटावर टाकल्या होत्या.

मी वर गेलो. बुवा खिडकीशी बसले होते. पुढ्यात चहा, वर साय धरलेली.

"शेजारी, एक विचारू? तुम्ही तिच्या पलीकडे होतात. त्या दिवशी."

"होतो."

"ती रागावली होती. बरोबर?"

"रेघा होत्या," मी म्हटलं.

"मी भुरका मारला म्हणून रागावली, असं मला वाटलं. पण तिची नजर वाडग्याकडे होती." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तिला सगळं कळत होतं. गिळायच्या बाईंनी सांगितलं तेव्हा ती तिथेच होती, खुर्चीत. पातळ नको, हे तिनंही ऐकलं होतं. मग ते ओठ हलले ते... 'नको' म्हणत असेल का हो?"

"बुवा, मला माहीत नाही."

"पण तोंड उघडलं तिनं."

"उघडलं."

"का उघडलं?"

नवऱ्यानं इतक्या आशेनं चमचा पुढे केल्यावर बायको तोंड का उघडते, हे कुठल्या चित्रात काढून दाखवायचं? आत लेकीनं भांडी लावायची थांबवली होती, म्हणजे ती ऐकत होती.

"बाबा," ती आतूनच म्हणाली. "तिला हवं होतं म्हणून उघडलं. एवढंच धरून चाला ना आता."

बुवांनी त्यावर विचार केला. मला वाटलं की ते आता मान डोलावतील, आणि या खेपेला त्यांना पटलेलंही असेल.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. आणखी कुणीतरी भेटायला आलं होतं. बुवा उठले, आणि दाराकडे न जाता स्टूल ओढून कपाटाच्या वर हात घालून चाचपू लागले.